माळावर वसविलेले गाव

मुलांनो, आगगाडीतून प्रवास करताना खिडकीतून तुम्ही कितीतरी स्टेशनांच्या पाट्या वाचल्या असतील. त्या पाट्यांवरील बहुतेक गावे आधीची असतात आणि रूळ त्यांच्याजवळ मागाहून येतात. खानदेशातील नंदुरबारचेच पाहा. इ. स. १९०० च्या सुमारास तापीच्या खोऱ्यातून सुरतेकडे जाणारा लोहमार्ग तयार झाला आणि नंदुरबारास स्टेशन मिळाले. पण नंदुरबार ही त्यापूर्वी कित्येक शतके नावाजलेली बाजारपेठ होती. लोहमार्गाने तिच्या व्यापाराला नवी वाट करून दिली, एवढेच.

क्वचित एखादे गाव मात्र असे असते की, तेथे स्टेशन आधी होते आणि गाव नंतर आले. सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी हे असे गाव. ते कोणी राजाने वसविले नाही आणि तेथे कोणते तीर्थक्षेत्रही नव्हते. ज्याने ते वसविले तो नांगर तयार करणारा एक माणूस होता. त्याचे नाव लक्ष्मण काशीनाथ किर्लोस्कर.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशीनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासू. घरात ग्रंथ आणि शास्त्रचर्चा यांना मान होता; परंतु लक्ष्मणाचे चित्त पुस्तकात रमत नसे. तो चित्रे काढी, नाही तर एखादी मोडकी वस्तू उलगडून तिच्या पोटात काय आहे ते पाहत बसे. अशा मुलाचे पुढे कसे व्हावयाचे, ही त्या काळच्या कोणत्याही वडिलांना पडणारी चिंता काशीनाथपंतांनाही पडली. मुलाने चित्रकला शिकावी हे त्यांना पसंत नव्हते. वडील बंधू रामूअण्णा मात्र धाकट्या भावाच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या मदतीने लक्ष्मणराव १८८५ साली मुंबईस गेले आणि सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

दोन वर्षे चांगली गेली. मग एक विलक्षण अडचण उघडकीस आली. लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना काही रंगांमधील फरक नीट ओळखता येत नव्हता. ज्याला रंग ओळखता येत नाहीत, त्याने चित्रकार कसे व्हावे? दुसरा कोणी असता तर सामान आवरून घरी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंगांचा नाद सोडला, पण रेषेचा सोडला नाही. यंत्रांची रेखाचित्रे काढावयास रंग लागत नाहीत. लागतो तो अचूक हात आणि नेमकी नजर. ती विद्या त्यांनी पक्की केली. मुंबईत १८८७ साली निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना यांत्रिक रेखाकलेचे शिक्षक म्हणून काम मिळाले. शिकवून उरलेला वेळ ते तेथील कार्यशाळेत घालवीत. यंत्रे कशी चालतात, कशी बिघडतात आणि दुरुस्त कशी होतात, हे ते तेथे स्वतःच्या हातांनी शिकले.

त्याच सुमारास त्यांनी मुंबईत सायकल पाहिली. तेव्हा सायकल म्हणजे मोठी नवलाची वस्तू होती. बेळगावात रामूअण्णांच्या साह्याने १८८८ साली सायकलींचे एक लहानसे दुकान सुरू झाले. त्याचे नाव किर्लोस्कर बंधू. पुढे मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांच्या वाट्याची बढती त्यांना न मिळता एका अँग्लो-इंडियन गृहस्थास मिळाली. अन्याय उघड होता. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावास आले. सायकली विकणे, दुरुस्त करणे आणि लोकांना चालविण्यास शिकविणे असा उद्योग काही काळ चालला. पण परदेशातून आलेली वस्तू विकणे हे काही त्यांच्या मनाचे समाधान करणारे काम नव्हते. स्वतः काहीतरी घडवावे, आणि तेही अशा माणसासाठी की ज्याच्याकडे कोणी यंत्र घेऊन जात नाही, असे त्यांना वाटू लागले. तो माणूस म्हणजे शेतकरी.

प्रथम त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर हाती घेतला. आपल्याकडे तेव्हा लाकडी नांगर चालत असे. कृष्णाकाठच्या काळ्या, चिवट जमिनीत तो खोल जात नसे. हरळी आणि कुंदा यांची मुळे तशीच आत राहत आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा वर येत. विलायती लोखंडी नांगर मिळत होते, पण तो माल परदेशचा. लक्ष्मणरावांनी तसा नांगर बेळगावात घडविला. आता गिऱ्हाइकांची रीघ लागेल असे त्यांना वाटले असेल. प्रत्यक्षात कोणी फिरकेना! लोखंडाने जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले थोडेसे नांगर खपावयास सुमारे दोन वर्षे लागली. शेतकऱ्यांना हसणे आज सोपे आहे; पण ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून असते, तो नव्या वस्तूला भिणारच. ज्यांनी नांगर घेतले, त्यांच्या शेतातील तण हटलेले शेजाऱ्यांनी पाहिले, आणि मग मागणी हळूहळू वाढू लागली.

नांगराचा धंदा जम धरू लागला तोच नवे संकट उभे राहिले. कारखाना ज्या जागेवर होता ती जागा नव्या वसाहतीसाठी हवी असल्याने ती सोडावी, असा बेळगावच्या नगरपालिकेचा हुकूम आला. यंत्रे, भट्टी, कामगार, त्यांची कुटुंबे, हे सारे घेऊन जावयाचे तरी कोठे? नवी जागा विकत घ्यावयास गाठी पैसा नव्हता. वर्षानुवर्षांच्या कष्टांवर पाणी पडण्याची वेळ आली होती.

याच वेळी औंध संस्थानच्या अधिपतींनी मदतीचा हात पुढे केला. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे १९०९ साली औंधच्या गादीवर आले होते. ते स्वतः उत्तम चित्रकार होते, सूर्यनमस्कारांचे मोठे पुरस्कर्ते होते आणि गुणी माणसांची त्यांना पारख होती. औंध येथील एका सभामंडपाच्या बांधकामाचे काम त्यांनी लक्ष्मणरावांना दिले होते. कारखान्यावर आलेली अडचण त्यांना समजली, तेव्हा आपल्या संस्थानात कोठेही जागा निवडावी, असे त्यांनी सुचविले आणि दहा हजार रुपये कर्जाऊ देऊ केले. त्या रकमेवर व्याज नव्हते. लहान संस्थानच्या राजाने एका नांगरवाल्यावर एवढा विश्वास टाकावा, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

जागा निवडताना लक्ष्मणरावांनी पाणी पाहिले नाही, सुपीक माती पाहिली नाही की जवळपासची वस्तीही पाहिली नाही. त्यांनी पाहिला लोहमार्ग. औंध संस्थानचा मुलूख एकसंध नव्हता. त्याचे तुकडे दूरदूर विखुरलेले होते. त्यांपैकी कुंडल हा भाग पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गालगत होता, आणि त्या मार्गावर कुंडल रोड नावाचे एक छोटे स्टेशन होते. ज्या स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ हा शब्द असतो, तेथे उतरणाऱ्याने समजावे की गाव अजून लांब आहे! येथेही तसेच होते. कुंडल गाव काही मैलांवर, आणि स्टेशनाभोवती उजाड माळ. दगडधोंडे, निवडुंगाची बने आणि त्यांत सापांचा सुळसुळाट. अशी बत्तीस एकर जमीन लक्ष्मणरावांनी पसंत केली.

ही निवड शहाणपणाची होती काय? तुम्हीच विचार करा. नांगर ओतावयास कच्चे लोखंड लागते आणि भट्टीला कोळसा लागतो. हा अवजड माल दूरवरून यावयाचा. तयार झालेले नांगर पुन्हा दूरदूरच्या शेतकऱ्यांकडे जावयाचे. बैलगाड्यांनी हे काम करावयाचे तर भाड्यातच सारा नफा संपून जाईल. रूळ दाराशी असतील तर वाघिणीतून लोखंड उतरावे आणि त्याच वाघिणींत नांगर चढवावे. पाणी विहिरी खणून मिळविता येते आणि निवडुंग तोडता येतो. पण लोहमार्ग काही आपल्या सोयीसाठी हलवून आणता येत नाही.

शिवाय लक्ष्मणरावांच्या मनात आणखी एक चित्र होते. इंग्लंडात लिव्हर आणि कॅडबरी या कारखानदारांनी आपल्या कामगारांसाठी नीटनेटकी, हवेशीर गावे वसविली होती. त्यांची माहिती लक्ष्मणरावांनी वाचली होती. कारखाना म्हणजे धूर आणि घाण, आणि कामगार म्हणजे खुराड्यात राहणारा माणूस, असे का असावे? आपणही कारखान्याभोवती एक सुंदर गाव का उभारू नये? बेळगावात ते शक्य नव्हते. मोकळ्या माळावर ते शक्य होते. कलाशाळेत रंगांनी ज्याला दगा दिला होता, त्याला आता बत्तीस एकरांचा कोरा कागद मिळाला होता.

१० मार्च १९१० हा दिवस किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन मानला जातो. तेव्हा लक्ष्मणरावांना एक्केचाळिसावे वर्ष चालू होते. सुमारे पंचवीस कामगार आणि त्यांची कुटुंबे त्यांच्याबरोबर या माळावर आली. मार्च महिन्यातील ऊन, सावलीला एक धड झाड नाही, आणि भोवताली काटेरी निवडुंग! पहिले काम निवडुंग तोडण्याचे होते आणि ते सर्वांनी मिळून केले. राहावयास साधा निवारा उभारला गेला, यंत्रांवर छप्पर चढले. येथे मालक आणि कामगार यांचे संसार एकाच माळावर, एकाच अडचणीत सुरू झाले. घरातील पुरुष दिवसभर कामात असत. परंतु साप निघे तो घरात, आणि पाण्याची ओढ लागे ती चुलीपाशी. लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि त्यांच्याबरोबरच्या इतर स्त्रिया यांनी त्या दिवसांत काय सोसले असेल, त्याचा हिशेब कोणत्याही खातेवहीत मांडलेला नाही.

हाताशी माणसे मात्र मोलाची होती. रामूअण्णा व्यवस्था पाहत. शंभूराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळीत, मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार पाहत. माणसाची पदवी कोणती आणि जात कोणती, हे लक्ष्मणराव विचारीत नसत. त्याला काय करता येते आणि काय शिकावेसे वाटते, एवढेच ते पाहत. शाळेत अपयशी ठरलेली मुलेही त्यांच्या ओतशाळेत कुशल कारागीर झाली. स्वतःचे शालेय जीवन ते विसरले नसावेत.

एका गोष्टीने मात्र आसपासचे लोक चकित झाले. निर्जन माळावर कारखाना उभा राहिला म्हणजे चोरांचे भय आलेच. पहारा कोणाकडे द्यावा? लक्ष्मणरावांनी या कामावर गुन्ह्यांबद्दल तुरुंगवास भोगून आलेल्या माणसांनाही नेमले! चोराच्याच हाती किल्ल्या दिल्यासारखे ते झाले. परंतु ज्यांना गावात कोणी दारापाशी उभे करीत नव्हते, त्या माणसांवर प्रथमच कोणीतरी भरवसा ठेवला होता. त्यांनी तो भरवसा राखला आणि वाडीचे विश्वासू राखणदार म्हणून ते नावाजले.

वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असाही लक्ष्मणरावांचा दंडक होता. आज तुम्हांला यात विशेष काही वाटणार नाही. पण १९१० साली आसपासच्या गावांत पाणवठे वेगळे, वस्त्या वेगळ्या आणि देवळांचे दरवाजे बंद होते. अशा काळी नव्या गावाची पहिली वीट मांडतानाच हा नियम करणे म्हणजे अनेकांचा रोष ओढवून घेणे होते. जुन्या गावात जे करावयास पिढ्या लागल्या असत्या, ते नव्या गावात एका माणसाच्या निश्चयाने करता आले. नवे गाव वसविण्याचा हा एक मोठा फायदाच म्हणावयाचा.

हळूहळू माळाचे रूप पालटू लागले. विहिरी झाल्या, आखीव रस्ते झाले, रस्त्यांच्या कडेने झाडे वाढली, घरे उठली. मुलांसाठी शाळा आली. ओतशाळेत भट्टी पेटे; वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यांत ओतले जाई आणि निवल्यावर त्यातून नांगराचे भाग बाहेर पडत. सर्वांत कठीण होता तो फाळ. मातीशी आणि दगडांशी घासून तो लवकर झिजे आणि शेतकरी तक्रार करीत. तो इतका कठीण हवा की झिजू नये, पण इतका ठिसूळ नको की दगडाला लागताच तुटावा. यासाठी पुन्हा पुन्हा प्रयोग झाले, फसले, आणि अखेर विलायती फाळाच्या तोडीचा फाळ वाडीत तयार होऊ लागला.

इतक्यात १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. त्याची झळ कुंडल रोडच्या माळापर्यंत पोहोचली. परदेशी नांगर येणे थांबले, त्यामुळे वाडीच्या नांगरांना मागणी वाढली. पण त्याच वेळी कच्चे लोखंड मिळेनासे झाले. गिऱ्हाईक दाराशी उभे आणि भट्टीत घालावयास लोखंड नाही, अशी स्थिती झाली. भट्टी विझली असती तर माळावर आलेल्या त्या कुटुंबांनी काय खावे? लक्ष्मणराव लोखंड शोधीत फिरू लागले. कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांच्या राज्यात किल्ल्यांवर जुन्या तोफा गंजत पडल्या होत्या. महाराजांनी त्या नांगरांसाठी दिल्या. ज्या तोफांनी एके काळी माणसे मारली, त्या वितळून त्यांचे नांगर झाले आणि ते शेतात चालू लागले. युद्धासाठी जगभर नांगराच्या लोखंडाच्याही तोफा होत होत्या, त्याच दिवसांतील ही गोष्ट आहे.

युद्ध संपले तेव्हा कारखाना टिकलेला होता, इतकेच नव्हे तर वाढला होता. आता भांडवल अधिक हवे होते. म्हणून १५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड ही कंपनी नोंदविण्यात आली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक वाडीतून सुरू केले. प्रथम ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारे छोटे पत्रक होते. वाढत वाढत ते महाराष्ट्रातील एक प्रमुख मासिक बनले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही त्याची भावंडे निघाली. एका आडबाजूच्या स्टेशनावरून नांगरांच्या वाघिणी जात, आणि त्याच स्टेशनावरून टपालाच्या थैल्यांतून मासिकांचे गठ्ठे घरोघरी जात. एवढ्याशा गावाने साऱ्या मराठी मुलखाला वाचावयास द्यावे, हे मला तरी नांगरांइतकेच मोठे काम वाटते.

नांगरापाठोपाठ उसाचे लोखंडी चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याचे यंत्र आणि हातपंप तयार झाले. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या विख्यात संस्थेत यंत्रशास्त्र शिकून १९२६ साली परत आले. त्या सुमारास पाणी उपसण्याचे पंप आणि तेलावर चालणारी इंजिने यांचे काम वाडीत सुरू झाले. बैलांच्या मोटेने दिवसभर उपसले जाई तेवढे पाणी पंप थोड्या वेळात वर आणी. याच लोहमार्गावर, कऱ्हाड स्टेशनाजवळ, औंध संस्थानच्याच आश्रयाने ओगले बंधूंचा काचकारखाना १९१६ साली निघाला होता आणि त्याच्याभोवती ओगलेवाडी वसली. तेथील ‘प्रभाकर’ कंदील तुमच्या आजोबा-पणजोबांच्या घरात असावयाचाच. एका लहान संस्थानाच्या हद्दीत, दोन लहान स्टेशनांजवळ, दोन उद्योगनगरे उभी राहिली.

पुढचे दिवस सारे सुखाचे नव्हते. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ साली ज्या दंगली उसळल्या, त्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावण्यात आली. ज्याने गाव वसविले, त्या वृद्ध माणसाला हे पाहावे लागले. पण कारखाना पुन्हा उभा राहिला आणि भट्ट्या पुन्हा पेटल्या. तोपर्यंत किर्लोस्करांचे उद्योग हरिहर आणि पुणे येथेही पसरले होते.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. त्यांच्या जन्मशताब्दीस, १९६९ साली, भारताच्या टपाल खात्याने त्यांचे चित्र असलेले तिकीट काढले.

कुंडल रोड हे नाव आता त्या लोहमार्गावर दिसत नाही. ताकारी सोडून मिरजेकडे निघालेली गाडी पुढच्या स्टेशनात शिरते, तेव्हा पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले असते.